हीट पंपातील तापमान सेन्सर आणि त्याच्या बिघाडाचे निदान

हीट पंप उष्णता तयार करत नाही. ती एका जागेवरून उचलून दुसरीकडे नेतो. थंडीच्या दिवसांत आउटडोर युनिटच्या कॉइलमधला गॅस बाहेरच्या हवेतली उष्णता शोषून घेतो, कॉम्प्रेसर त्या गॅसला दाबून आणखी तापवतो आणि ती उष्णता घरातल्या हवेला किंवा रेडिएटरमधल्या पाण्याला मिळते. नॉर्वे-स्वीडनमधल्या असंख्य घरांचा हिवाळा याच यंत्रावर निघतो. महाराष्ट्रात तेच यंत्र ‘हॉट अँड कोल्ड’ एसीच्या रूपात, किंवा हॉटेले, वसतिगृहे आणि बंगल्यांच्या गच्चीवर पाणी तापवताना दिसते. कॉम्प्रेसर किती वेगाने फिरवायचा, गॅसचा व्हॉल्व्ह किती उघडायचा, कॉइलवरचा बर्फ कधी वितळवायचा हे निर्णय नियंत्रक बोर्ड घेतो, आणि ते मुख्यतः चार-सहा तापमान सेन्सरांनी पाठवलेल्या आकड्यांवर घेतो. आकडा चुकला की धडधाकट यंत्रही आजारी असल्यासारखे वागते. उलट, यंत्र खरोखर आजारी असेल तर सेन्सरने दिलेला विचित्र आकडा खरा असतो आणि दोष मात्र सेन्सरच्या माथी येतो. सेन्सर बदलणे सोपे आहे. तो बिघडला आहे की नाही हे ठरवणे अवघड आहे, आणि वेळ व पैसा वाया जातो तो तिथेच.

आउटडोर युनिटमध्ये बहुधा चार जागी तापमान मोजले जाते: आत ओढली जाणारी बाहेरची हवा, बाहेरची कॉइल, कॉम्प्रेसरमधून तप्त गॅस बाहेर नेणारी डिस्चार्ज नळी आणि कॉम्प्रेसरकडे गार गॅस परत आणणारी सक्शन नळी. भिंतीवरच्या इनडोर युनिटमध्ये दोन सेन्सर असतात, एक खोलीतल्या हवेसाठी आणि एक आतल्या कॉइलसाठी. पाणी तापवणाऱ्या हीट पंपात त्यांच्या जागी जाणाऱ्या पाण्याचा, परत येणाऱ्या पाण्याचा आणि टाकीचा असे सेन्सर येतात. सगळ्याच मॉडेलांत सगळे सेन्सर नसतात, पण जिथे जो असतो तिथे त्याचे काम ठरलेले असते. म्हणून तक्रार नीट ऐकली तर कोणत्या सेन्सरवर संशय घ्यायचा हे झाकण उघडण्याआधीच बरेचसे कळते.

यांतले बहुतेक सेन्सर एनटीसी थर्मिस्टर असतात. मॅंगनीज, निकेल, कोबाल्ट अशा धातूंच्या ऑक्साइडांपासून बनवलेला हा बारीक मणी असतो; तापमान वाढले की त्याचा विद्युत रोध कमी होतो. हा गुण मायकेल फॅरडे यांना १८३३ मध्ये सिल्व्हर सल्फाइडमध्ये आढळला होता, पण बाजारात विकण्याजोगा थर्मिस्टर यायला १९३० साल उजाडले; ते काम सॅम्युएल रुबेन यांचे. तापमान आणि रोध यांचे नाते सरळ रेषेतले नाही. डायकिनच्या घरगुती यंत्रांत सर्रास आढळणारा थर्मिस्टर पाहिला तर २५ अंश सेल्सिअसला त्याचा रोध २० किलोओहम असतो, ५० अंशांना तो ७.२ किलोओहमवर येतो, शून्य अंशाला ६७ किलोओहमच्या आसपास जातो आणि उणे २० अंशांना थेट २११ किलोओहम होतो. इतर कंपन्यांच्या यंत्रांत २५ अंशांना ५, १० किंवा १५ किलोओहमचे थर्मिस्टरही वापरलेले असतात. डिस्चार्ज नळीवर शंभर अंशांच्या पुढचे तापमान मोजायचे असल्याने तिथे अनेकदा जास्त रोधाचा वेगळा सेन्सर असतो. युरोपातल्या पाणी तापवणाऱ्या काही यंत्रांत थर्मिस्टरऐवजी प्लॅटिनमचा पीटी-१००० सेन्सर असतो. त्याचे वागणे उलटे असते: शून्य अंशाला १००० ओहम, आणि पुढे दर अंशाला सुमारे ३.८५ ओहमने वाढ. हातात कोणत्या जातीचा सेन्सर आहे आणि त्याचा तक्ता काय सांगतो हे सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहिल्याशिवाय मल्टिमीटर हातात घेण्यात अर्थ नाही.

बोर्डावर थर्मिस्टरच्या जोडीला एक ठरावीक रोध बसवलेला असतो. ५ किंवा ३.३ व्होल्टचा पुरवठा या दोघांत विभागला जातो, मधल्या बिंदूवरचे व्होल्टेज मायक्रोकंट्रोलर मोजतो आणि त्यावरून तापमान काढतो. वायर तुटली किंवा दोन तारा एकमेकींना चिकटल्या तर हे व्होल्टेज एका टोकाला जाते आणि बोर्ड एरर कोड दाखवतो. डायकिनच्या यंत्रांत एच९ हा बाहेरच्या हवेच्या सेन्सरचा कोड आहे, जे६ बाहेरच्या कॉइलचा, जे३ डिस्चार्ज नळीचा, सी४ आतल्या कॉइलचा आणि सी९ खोलीतल्या हवेचा. कोडातून एवढेच कळते की त्या वाटेने आलेला आकडा बोर्डाला अशक्य वाटला. दोष मण्यात आहे, वायरमध्ये, कनेक्टरमध्ये की खुद्द बोर्डात, हे कोड सांगत नाही. त्याहून त्रासदायक बाब अशी की सेन्सर पाच-सात अंशांनी चुकू लागला तर बहुधा कोडच येत नाही, कारण तो आकडा बोर्डाला शक्य कोटीतला वाटतो. घर नीट तापत नाही, वीजबिल वाढते आणि पडद्यावर सगळे आलबेल दिसते.

अशा सूक्ष्म चुकीला दिशा असते, आणि ती दिशा कारणाकडे बोट दाखवते. कनेक्टरमध्ये किंवा मण्याच्या आवरणात ओल शिरली की तिच्यातून थोडी वीज गळते. तो मण्याला समांतर जोडलेला आणखी एक रोधच असतो, त्यामुळे एकूण रोध घटतो आणि बोर्डाला तापमान खऱ्याहून जास्त वाटते. वर सांगितलेल्या २० किलोओहमच्या थर्मिस्टरशी २०० किलोओहमची गळती समांतर आली असे धरू. बाहेर ४० अंश असताना बोर्ड ४१ च्या किंचित पुढचा आकडा दाखवेल आणि कुणाच्या ते लक्षातही येणार नाही. तीच गळती शून्य अंशाला मात्र साडेपाच अंशांची चूक घडवते. गंजाचे याच्या बरोबर उलट असते. गंजलेल्या पिनेमुळे वाटेत एक किलोओहमचा जादा रोध आला तर शून्य अंशाला चूक अर्ध्या अंशाहूनही कमी असते, पण ६० अंशांच्या पाण्याचा सेन्सर ५५ दाखवू लागतो. म्हणजे ओल थंडीत खोटे बोलते आणि गंज उष्णतेत. उन्हाळ्यात तपासून ‘सेन्सर ठीक’ असा शेरा मिळालेले यंत्र हिवाळ्यात पुन्हा त्रास देते, त्यामागे अनेकदा हे गणित असते. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत आणि कोकणासारख्या दमट प्रदेशात कनेक्टर लवकर खराब होतात, तेव्हा तिथे मण्याआधी पिना पाहाव्यात. पीटी-१००० ला तर चार ओहमचा जादा रोधही एका अंशाहून अधिक भोवतो. त्याच्या बाबतीत लांब वायर आणि सैल स्क्रू हेच पहिले संशयित.

तिसरा प्रकार सर्वांत जास्त फसवतो. मणी उत्तम, वायर उत्तम, कनेक्टर स्वच्छ, पण सेन्सर जागेवर नाही. नळीवरची क्लिप सैल झाली, कुणी दुरुस्तीनंतर सेन्सर खोबणीत पूर्ण सरकवला नाही, त्यावरचे फोमचे आवरण गळून पडले. असा सेन्सर खरेच बोलतो, मात्र नळीऐवजी आजूबाजूच्या हवेचे तापमान सांगतो. सक्शन नळीवर याचा परिणाम गंभीर होतो. गॅस कॉम्प्रेसरकडे परतताना पूर्ण वायुरूप असावा म्हणून बोर्ड नळीचे तापमान गॅसच्या बाष्पीभवनाच्या तापमानापेक्षा काही अंश वर राखतो. सैल सेन्सरने भोवतीच्या उबदार हवेचा आकडा दिला की बोर्ड व्हॉल्व्ह अधिक उघडतो आणि द्रवरूप गॅस कॉम्प्रेसरमध्ये जाऊ लागतो. किरकोळ किमतीच्या क्लिपमुळे यंत्रातला सर्वांत महाग भाग असा निकामी होऊ शकतो.

लक्षणे सेन्सरगणिक बदलतात आणि त्यांत बाहेरच्या कॉइलचा सेन्सर सर्वांत बोलका आहे. बाहेर दोन अंश असताना कॉइल उणे पाच-सहापर्यंत गार असते, हवेतली वाफ तिच्यावर गोठते आणि हवेची वाट बुजत जाते. मग बोर्ड चौमार्गी व्हॉल्व्ह उलटवून तप्त गॅस काही मिनिटे बाहेरच्या कॉइलमध्ये सोडतो. याला डीफ्रॉस्ट म्हणतात. कॉइल सुमारे दहा-पंधरा अंशांपर्यंत तापली की ते थांबते. ती तशी तापली नाही तर ठरलेली कमाल मुदत संपल्यावर थांबते. कॉइलचा सेन्सर निसटून हवेत लोंबकळत असेल तर बोर्डाला उणे सहाऐवजी दोन अंश दिसतात. त्याच्या लेखी बर्फ नाहीच, म्हणून डीफ्रॉस्ट होत नाही आणि कॉइलवर पांढरा थर चढत राहतो. सेन्सर खऱ्याहून गार आकडा देत असेल तर कोरड्या कॉइलवरही डीफ्रॉस्ट सुरू होते, आणि अखेरचा आकडा लवकर न गाठल्याने दर वेळी लांबते. तेवढा वेळ घरातली उष्णता बाहेर जाते. अशा वेळी बर्फाकडे नीट पाहावे. सर्व कॉइलवर सारखे, पातळ दव गोठलेले असणे स्वाभाविक आहे. सर्वत्र जाड थर आणि डीफ्रॉस्टचा पत्ता नाही, तर कॉइलच्या सेन्सरवर संशय बळावतो. कॉइलच्या एकाच भागावर बर्फ आणि बाकीची कॉइल कोरडी, हे मात्र गॅस कमी असल्याचे चिन्ह आहे. फक्त तळाशी बर्फाचा ढीग साचला असेल तर वितळलेले पाणी वाहून जात नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आतल्या कॉइलचा सेन्सर बिघडला की वेगळेच दृश्य दिसते. गार हवेचा झोत अंगावर येऊ नये म्हणून कॉइल पुरेशी तापेपर्यंत बोर्ड आतला फॅन थांबवून ठेवतो. सेन्सर कायम गार आकडा देत असेल तर बाहेर कॉम्प्रेसर चालू, आत फॅन बंद, आणि थोड्या वेळात दाब वाढून यंत्र बंद पडते. बाहेरच्या हवेच्या सेन्सरची चूक पाण्यावर चालणाऱ्या यंत्रात गुपचूप महागात पडते, कारण रेडिएटरमधले पाणी किती तापवायचे हे त्यावर ठरते. बाहेर १० अंशांना ३० अंशांचे पाणी आणि उणे १० अंशांना ४५ अंशांचे, असा आलेख लावला असेल आणि सेन्सर चार अंश जास्त दाखवत असेल, तर पाणी तीन अंश कमी तापते. घर पुरेसे ऊबदार होत नाही. मग आलेखच वर सरकवला जातो आणि मूळ चूक झाकली जाते. टाकीचा सेन्सर खोबणीतून थोडा बाहेर सरकला तर कमी तापमान दाखवतो. कॉम्प्रेसरने ठरलेले तापमान गाठूनही विजेचा हीटर मदतीला लागतो आणि त्याचा भार थेट बिलात दिसतो.

काही तक्रारींत सेन्सरचा काहीच दोष नसतो. उंच भिंतीवरच्या इनडोर युनिटचा सेन्सर छताजवळची ऊबदार हवा मोजतो, म्हणून तो सोफ्याजवळच्या तापमापकापेक्षा दोन-तीन अंश जास्त दाखवणारच. त्यावर उपाय रिमोटमधल्या किंवा बोर्डाच्या सेटिंगमध्ये असतो. बंद असलेल्या आउटडोर युनिटवर ऊन पडले तर बाहेरच्या हवेचा आकडा चढतो आणि फॅन सुरू झाला की उतरतो. सर्वांत महत्त्वाचे उदाहरण डिस्चार्ज नळीचे. गॅस कमी झाला की कॉम्प्रेसर जास्त तापतो आणि सेन्सर ११० ते १२० अंशांच्या घरातला आकडा देतो; कॉम्प्रेसर वाचवण्यासाठी बोर्ड यंत्र थांबवतो. इथे सेन्सरने आपले काम चोख केलेले असते. तो बदलला तर नवा सेन्सरही तोच आकडा देईल. असा कोड आल्यावर स्वतंत्र तापमापकाने नळी मोजणे ही पहिली पायरी असायला हवी. मात्र इन्फ्रारेड तापमापक चकचकीत तांब्यावर चुकीचे वाचन देतो, म्हणून नळीवर काळी चिकटपट्टी लावून तिच्यावर नेम धरावा, किंवा नळीला बांधायचा थर्मोकपल वापरावा.

मल्टिमीटर काढण्याआधी एक तपासणी जवळपास फुकट होते आणि ती पुरेशी वापरली जात नाही. यंत्र रात्रभर बंद ठेवावे आणि सकाळी, ऊन येण्याआधी, बोर्डाच्या सर्व्हिस मेनूतून सगळे आकडे वाचावेत. हवा, कॉइल, डिस्चार्ज, सक्शन या चौघांचेही तापमान तोवर भोवतीच्या हवेइतके झालेले असते, म्हणून आकडेही एक-दोन अंशांच्या आत जुळले पाहिजेत. तिघे १४ म्हणत असताना एकटा २१ म्हणत असेल तर गुन्हेगार सापडला. अपवाद एकच: काही यंत्रांत कॉम्प्रेसरमधले तेल गरम ठेवणारा हीटर असतो आणि त्यामुळे डिस्चार्ज नळी थोडी उबदार राहते. पाण्याच्या दोन सेन्सरांसाठी हीच युक्ती जरा बदलून वापरता येते. कॉम्प्रेसर व विजेचा हीटर बंद ठेवून फक्त पाण्याचा पंप चालवला की जाणारे आणि येणारे पाणी यंत्राच्या आत एकाच तापमानाचे होते. मग दोन्ही आकड्यांत राहणारा फरक ही सेन्सरांची चूक असते. ही चूक लहान दिसली तरी सोडून देऊ नये. मिनिटाला २० लिटर पाणी आणि पाच अंशांचा फरक म्हणजे सुमारे सात किलोवॉट उष्णता. जाणाऱ्या पाण्याच्या सेन्सरने एक अंश जास्त दाखवला की हिशेबात ती ८.४ किलोवॉट होते आणि यंत्राची कार्यक्षमता कागदावर विनाकारण वीस टक्क्यांनी फुगते.

नंतरची पायरी रोध मोजण्याची. तीत जिवाला धोका आहे, त्यामुळे क्रम मोडता कामा नये. इन्व्हर्टर बोर्डावरच्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून जास्त डीसी दाब साठलेला असतो आणि एमसीबी बंद केल्यावरही तो काही मिनिटे राहतो. मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबून, कपॅसिटरवरचा दाब मोजून, मगच हात घालावा. ज्याला या कामाचा सराव नाही त्याने आउटडोर युनिटचे झाकण उघडूच नये. सेन्सरचा कनेक्टर बोर्डावरून काढूनच रोध मोजायचा, नाहीतर बोर्डावरचा रोधही त्यात मिसळतो. मीटरच्या दोन्ही टोकांना बोटे लावू नयेत, कारण शरीराचा रोध समांतर येऊन आकडा खाली ओढतो. मीटरने अनंत रोध दाखवला तर वायर तुटलेली, शून्याजवळचा दाखवला तर तारा चिकटलेल्या. मधला आकडा आला तर तक्त्याशी ताडून पाहावा.

खोलीच्या तापमानाला आकडा जुळला म्हणून सेन्सर निर्दोष ठरत नाही. ओल आणि गंज यांचे गणित आठवावे. पक्का निर्णय दोन बिंदूंवर होतो. ग्लासभर कुटलेल्या बर्फात थोडे पाणी घालून दोन-तीन मिनिटे ढवळले की शून्य अंश मिळतो. सेन्सर त्यात बुडवून मीटरचा आकडा स्थिर होईपर्यंत थांबावे. कनेक्टर आणि वायरचे उघडे टोक कोरडे ठेवावे. २० किलोओहमच्या थर्मिस्टरने इथे ६७ च्या जवळ आकडा द्यायला हवा. नंतर विश्वासू तापमापकासह ५० अंशांच्या पाण्यात बुडवून ७.२ किलोओहम येतो का ते पाहावे. शून्याजवळ तापमान एक अंश बदलले की या थर्मिस्टरचा रोध पाच टक्क्यांच्या आसपास बदलतो, म्हणून दोन-तीन टक्क्यांच्या फरकाने घाबरायचे कारण नाही. वीस टक्क्यांचा फरक मात्र चार अंशांची चूक दाखवतो.

सेन्सर दोन्ही ठिकाणी जुळला आणि कोड तरीही येत राहिला तर बोर्ड तपासायचा. त्यासाठी ठरावीक रोध पुरतो. दहा किलोओहमचे दोन साधे रोध एकापुढे एक जोडून सेन्सरच्या जागी लावले की २० किलोओहमच्या सेन्सरसाठी बनवलेल्या बोर्डाने २५ अंश दाखवायला हवेत, आणि एकच लावला की ४१-४२. दोन्ही आकडे बरोबर आले तर बोर्ड निर्दोष आहे. चुकले तर बोर्डावरचा जोडीचा रोध, त्याच्या शेजारचा कपॅसिटर किंवा सॉकेटचा सोल्डर पाहावा लागतो. एक सेन्सर काढून दुसऱ्याच्या जागी लावून पाहण्याची मेकॅनिकांची पद्धतही चांगली आहे, पण दोन्ही एकाच जातीचे असतील तरच. डिस्चार्जचा सेन्सर अशा अदलाबदलीत घेऊ नये.

मधूनच येणारा बिघाड चिकाटी मागतो. कॉम्प्रेसरजवळच्या वायरला सतत कंप बसतो आणि तार आवरणाच्या आत तुटते. गार असताना टोके टेकलेली राहतात, तापल्यावर दूर होतात. मीटर जोडलेला ठेवून वायर ठिकठिकाणी हळूच वाकवावी, विशेषतः कनेक्टरपाशी आणि पत्र्याच्या कडेवरून ती वळते तिथे. आकडा उडी मारतो तिथे दोष असतो. उंदरांनी कुरतडलेली वायरही अशीच सापडते. हेअर ड्रायरने मणी सावकाश तापवताना रोध सलग उतरत गेला पाहिजे. मध्येच अडखळला किंवा क्षणभर अनंत झाला तर मणी आतून तडकलेला आहे.

बदलायचा ठरलाच तर नवा सेन्सर त्याच रोधाचा आणि त्याच तक्त्याचा हवा. २५ अंशांना दोघे जुळतात, पण पुढे-मागे वेगळे चालतात अशा जाती बाजारात शेजारीशेजारी विकल्या जातात. बहुतेक सेन्सर नळीच्या बाहेरून किंवा खोबणीत बसतात, त्यामुळे गॅसच्या बंद मार्गाला हात लावावा लागत नाही. गॅस कमी असल्याचे निष्पन्न झाले तर ते काम परवानाधारक तंत्रज्ञाचेच आहे, कारण आर-३२ आणि प्रोपेन हे दोन्ही गॅस पेट घेऊ शकतात. नवा सेन्सर बसवताना नळी घासून स्वच्छ करावी, खोबणीत उष्णता वाहणारी पेस्ट भरावी, मूळ धातूची क्लिप वापरावी, वर फोम गुंडाळून तो बांधावा आणि वायर डिस्चार्ज नळीला टेकणार नाही अशी ओढून घ्यावी. वायर कनेक्टरपाशी खाली झोल देऊन आणली की पावसाचे थेंब कनेक्टरमध्ये न जाता झोलावरून गळून पडतात. मग कोड पुसून यंत्र किमान एक पूर्ण डीफ्रॉस्ट होईपर्यंत चालवावे, डिस्चार्जचा आकडा कॉम्प्रेसरबरोबर सावकाश चढतो का आणि थांबल्यावर उतरतो का ते पाहावे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गार यंत्राचे सगळे आकडे पुन्हा एकदा शेजारी मांडून ताडावेत.